नऊ घंट्यांचं पोलाद

देवीलाल राठोड शेण फेकायला लागला की टेंभुरतांड्यातल्या बाया हातातलं काम थांबवून बघायच्या. शेण काय, कोणीही फेकतं. टोपल्यात भरावं, उकिरड्यावर न्यावं, पालथं करावं. देवीलालचं तसं नव्हतं. लांब दांड्याचा बेलचा, कारखान्यातलं फावडं, तो गोठ्याच्या तोंडाशी भरायचा, सहा पावलं ठरल्या चालीनं टाकायचा, कमरेतून एक झोका द्यायचा, आणि शेणाचा गोळा पंधरा हातांवरच्या उकिरड्याच्या पार मागच्या कडेला जाऊन चप्प चिकटायचा. कुठं पडला ते तो बघायचा नाही. गोळा हवेत असतानाच त्याची पाठ फिरलेली असायची, हनुवटी छातीत, एक खांदा वर.

"शेण हाय ना काका ते," एखादी म्हणायची. "चावत नाई."

"मले मालूम हाय," देवीलाल म्हणायचा. "हाताले मालूम नाई."

हाताला तेहेतीस वर्षांची खोड होती. छत्तीसगडातल्या पोलादाच्या कारखान्यात ओपन हार्थ म्हणायचे त्या भट्टीवर तो होता. एका खेपेचं पोलाद ओतून झालं की भट्टीचं पोट आतून कोरलेलं निघायचं, जागोजागी खड्डे. मग दारं वर उचलायची आणि दहा-बारा गड्यांनी रांगेनं फिरत डोलोमाइटचा चुरा आतल्या भिंतीला मारायचा. दारासमोर आला, झोकला, वळला. थांबला त्याच्या भुवया गेल्या. नेम कुठं लागला ते बघायचं नसतं, ते हाताला कळलं पाहिजे. अठराव्या वर्षी देवीलाल त्या रांगेत लागला आणि चढत चढत मेल्टर झाला, म्हणजे भट्टीतलं पोलाद कधी पिकलं हे ज्याच्या डोळ्यावर ठरतं तो माणूस.

मग कारखान्यात दुसऱ्या तऱ्हेच्या भट्ट्या आल्या. नऊ घंट्यांचं काम पाऊण घंट्यात व्हायला लागलं. जुन्या भट्ट्या एकेक करून थंड होत गेल्या, आणि अठ्ठ्याण्णव साली देवीलाल एक पत्र्याची पेटी, एक बेलचा आणि लाकडी चौकटीतली हातभर मुठीची, भट्टीत बघायची निळी काच घेऊन तांड्यात उतरला. बायको जमनी त्याच्या दोन वर्षं आधी तिकडेच, क्वार्टरात, काविळीनं गेली होती. मुलगा राजदीप पुण्याला मोटारीच्या कारखान्यात लागला होता. तो दर दिवाळीला येतो म्हणायचा.

घर बापाचं होतं. त्याचे दोन भाग, मधे कुडाची भिंत. पलीकडच्या भागात गंगी राहायची, देवीलालच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ मागंच तापानं गेला होता. पोरगी लग्न होऊन उमरखेडकडे गेली होती. गंगी एकटी चार एकराचा कापूस करायची, दोन बैल आणि एक लाल कोंबडी सांभाळायची. देवीलाल तिचा भासरा लागायचा, आणि भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही ही तांड्याची जुनी रीत. पदर नाकाच्या खाली आणायचा, नजर जमिनीत, आणि सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं घरात कोणी नव्हतं. म्हणून गंगी कोंबडीला सांगायची.

"भाकर झाकून ठेवली म्हणा," गंगी दारातून म्हणायची. कोंबडी उकरत असायची. "वरण गरम हाय म्हणा. लवकर खा म्हणा."

देवीलाल मान हलवायचा. तोही तिच्याशी बोलायचा नाही. काय बोलणार. अशी सात-आठ वर्षं गेली, आणि एवढ्या काळात त्या दोघांनी एकमेकांना एक सबंध वाक्य ऐकवलं नाही.

तांड्यात त्याला कोणी वाईट वागवलं असं नाही. पण तो गेला तेव्हा ज्यांच्याबरोबर गोट्या खेळला ते निम्मे मेले होते, आणि उरलेल्यांशी बोलायला विषय नव्हता. ते बोलायचे बोंडअळीवर, सरकीच्या पाकिटांवर, महागावच्या खरेदी केंद्रावर चार दिवस ताटकळत उभ्या असलेल्या गाड्यांवर. तो बोलायचा भट्टीवर. त्याची बोलीही तीन ठिकाणी फाटली होती, थोडी तांड्याची गोरबोली, थोडी वऱ्हाडी, आणि मधेच कारखान्याची हिंदी. लोक दोन वाक्यं ऐकायचे, मग एकाला बैल आठवायचा, दुसऱ्याला मोटर.

मग तो दुपारी बाजेवर आडवा होऊन स्वतःलाच सांगायचा. कोणी पोथी म्हणतं, कोणी सुपारी कातरतं, तसा देवीलाल एक हीट लावायचा. भट्टीची एक खेप म्हणजे एक हीट. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक पायरी न सोडता.

"पयले चुना," तो छताकडे बघून म्हणायचा. "खाली चुन्याचा दगड अंथरला. त्याच्यावर खनिज. त्याच्यावर भंगार, रेलचे तुकडे, मोडके डबे, आलं ते. मशीन डबा घेऊन आत जाते, उलटा करते, वापस येते. दोन घंटे भंगार पघळते. मग पातळ लोखंड ओता. आता आग इकडून तिकडे चालली. पंधरा मिंटं झाले, पलटवा. आता तिकडून इकडे."

हे पलटवणं सांगताना तो स्वतःही कूस पलटायचा. भट्टीच्या दोन्ही अंगांना खाली विटांच्या खोल्या होत्या. जळून निघालेला धूर एका अंगाच्या विटा तापवत बाहेर जायचा. त्या तापल्या की वाट उलटी करायची, मग नवी हवा त्याच तापल्या विटांमधून गरम होऊन आत यायची आणि धूर दुसऱ्या अंगाला तापवायचा. बाहेर जाणाऱ्याची ऊब आत येणाऱ्याला. एवढी मोठी भट्टीही याच एका युक्तीवर सोळाशे डिग्रीला पोचायची. देवीलालला ही गोष्ट फार आवडायची. जमनीला त्यानं ती लग्नाच्या पहिल्या वर्षी समजावून सांगितली होती, आणि जमनी म्हणाली होती, "मंग भट्टीले दोन नाकं हायेत म्हणा ना."

"मग उकळी," तो पुढे सांगायचा. "सारा तलाव उकयते. लोखंडातला कोयसा जळून बाहेर निघते. वर मळी तरंगते, चुन्याची. सारी घाण चुना आपल्या अंगावर घेते. आता चमचा. लांब दांड्याचा चमचा. तो अगुदर मळीत बुडवाचा, चारी बाजूनं मळी लेपून घ्याची, नाई तर पोलाद चिकटन. मग खाली घालाचा. भरला, काढला, साच्यात ओतला. गोळी थंडी केली. घणानं फोडली. आता पाहा दाणा."

दाणा म्हणजे सगळं. फोडलेल्या गोळीचा आतला पोत. मोठा चमचमता दाणा असेल तर अजून वेळ आहे, बारीक रव्यासारखा आला तर पिकलं. प्रयोगशाळेचा कागद यायच्या आत मेल्टर सांगायचा. मग मागचं तोंड फोडायचं, पोलाद नळीतून डोलात उतरायचं, आणि त्या उजेडात समोरच्या माणसाच्या अंगठीचा खडासुद्धा दिसायचा.

कुडापलीकडे गंगी तूर पाखडत असायची. सुपाचा आवाज यायचा. तिच्या कानावर जात असेल असं देवीलालच्या मनात कधी आलं नाही. आलं असतं तर तो गप्प झाला असता, रीतच तशी होती.

दर रविवारी तो फाट्यावर जायचा, राजदीपला फोन लावायला. फोनच्या टपरीला लागूनच बाबुलाल लोहाराचा भाता होता. चार बांबू, वर पत्रे, एक ऐरण, हातानं फिरवायचा पंखा आणि पाण्याची दगडी कुंडी. एका रविवारी पुण्याचा फोन कोणी उचलला नाही. देवीलाल बाहेर येऊन उभा राहिला. भात्यासमोर पंजाबराव म्हणून एक शेतकरी बसला होता, तोंडाचा फटकळ. त्याच्या वखराची पास, म्हणजे जमीन कापत जाणारं लांब पातं, विस्तवात होतं.

देवीलाल बराच वेळ बघत राहिला. मग न राहवून म्हणाला, "अजून थंडी हाय."

बाबुलालनं मान वर केली. साठीचा, बारीक, कपाळावर काजळी. "थंडी? लाल झाली ना."

"मी तेहेतीस साल पोलादाच्या भट्टीवर होतो."

एवढं मोठं बोलणं ऐकल्यावर लोहारानं काय करावं. त्यानं पंखा फिरवला. देवीलालनं पिशवीतून निळी काच काढली. ती तो सोबत ठेवायचा, लोक चष्मा ठेवतात तशी. डोळ्यासमोर धरली आणि विस्तवात पाहिलं. काचेतून सगळं काळं.

"काईच नाई," तो म्हणाला. "अजून."

बाबुलालनं फिरवला.

"अजून."

पास केशरी झाली, पिवळी झाली, पांढरी झाली, आणि तिच्या कडेनं तडतड ठिणग्या उडायला लागल्या. बाबुलालनं सांडशीनं ती बाहेर ओढली तेव्हा तिचं टोक करपलेल्या पापडासारखं झालं होतं.

पंजाबरावनं ते पाहिलं. मग देवीलालकडे पाहिलं. "भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "आतषबाजी पाहाले मी दोन कोस पायी आलो का? दिवाईले बलावलं असतं."

"आमच्याकडे सोयाशे डिग्री असते," देवीलाल म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्या काचेतून हे दिसतच नाई. आमाले पातळ पोलाद पाहाची सवय हाय. हे असं, घट्ट..."

"घट्टच लागते आमाले," पंजाबराव म्हणाला. "पातळ घेऊन वखराले काय लावू, चमचा?"

त्या दिवसापासून फाट्यावर त्याचं नाव सोळाशे पडलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. हातात ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा होता, पंजाबरावच्या जळलेल्या पासेला नवं तोंड जोडायला. तांड्यामागच्या नाल्यात कधीचा पडलेला त्यानं शोधून काढला होता. बाबुलालनं तो घेतला, नखानं खरवडला. "माल चांगला हाय," तो म्हणाला. "काच घरी ठेव, न बस."

बसायला बाभळीचा ठोकळा होता. देवीलाल त्यावर बसला, आणि पुढली पाच-सहा वर्षं तो ठोकळा त्याचाच राहिला.

बाबुलालनं त्याला आपले रंग शिकवले. आधी जांभूळ, मग पिकलं बोर, मग पळसफूल, मग झेंडू. कमानपाट्याला पाणी द्यायचं, म्हणजे बुडवून कडक करायचं, ते बोरावर. बोर सरून पळस लागायच्या आत पातं कुंडीत गेलं पाहिजे. जांभळावर बुडवलं तर धार वळते, पळसावर बुडवलं तर पातं काचेसारखं होतं, दगड लागला की गेलं. बोर आणि पळस यांच्यामधे चार श्वासांचं अंतर. आणि देवीलालचा डोळा तर असा की सोळाशे आणि सोळाशेवीस यातला फरक त्याला झोपेत कळावा. बोर-पळसाला त्याला महिना लागला नाही.

"तू नुसतं 'आता' म्हण," बाबुलाल म्हणाला. "बाकी माह्यावर."

मग तसंच चाललं. बाबुलाल सांडशी धरायचा, पंखा फिरवायचा. देवीलाल ठोकळ्यावरून विस्तवाकडे बघायचा. "आता," म्हणायचा. चर्र आवाज, वाफ, झालं. त्या भात्याचं पाणी पंचक्रोशीत नावाजलं. एरवी त्या सालांत कापसाचं काही खरं उरलं नव्हतं. पेरलेलं उगवत नव्हतं, उगवलेलं अळी सोडत नव्हती, आणि पांढऱ्या गाड्यांतून माणसं येऊन प्रश्न विचारून जायची. नवीन अवजार घ्यायची हिंमत कोणात राहिली नव्हती. म्हणूनच जुन्या पासेला पाट्याचं नवं तोंड जोडायला, इळ्याला पाणी द्यायला भात्यावर रांग असायची. पंजाबरावही यायचा. "सोयाशे, पाह्य बरं माहं बोर," म्हणायचा, आणि पान पुढे करायचा.

देवीलाल सकाळी आंघोळ करून, केस विंचरून निघायचा. ड्यूटीवर जातात तसा. गंगी कोंबडीला सांगायची, "डबा बांधला म्हणा." पुण्याचा फोन लागला नाही तरी आता रविवार कोरडा जात नव्हता. बाबुलाल फार बोलायचा नाही. भट्टीच्या गोष्टीला "हो का" म्हणायचा आणि पंखा जोरात फिरवायचा. पण कोणीतरी आपल्या तोंडाकडे बघून थांबलंय, आपण 'आता' म्हटल्याशिवाय त्याचा हात हलत नाही, एवढं माणसाला पुष्कळ असतं.

पाचच्या सालच्या थंडीत महागावला डोळ्यांचं शिबिर लागलं. देवीलालला वर्षभरापासून उजेडाभोवती कडं दिसायचं, तांबडं मळकट वाटायचं. तरण्या डॉक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही कुठं भट्टीवर काम करत होता काय?"

देवीलाल खुलला. इतक्या वर्षांत त्याला हे कोणी आपणहून विचारलं नव्हतं. तो चुन्यापासून सुरू झाला. भंगारापर्यंत पोचला तेव्हा मागच्या चाळीस लोकांनी गलका केला, आणि डॉक्टरनं त्याचा हात हळूच खाली ठेवला.

"मोतिबिंदू काढता येईल," डॉक्टर म्हणाला. "पण मागचा पडदा भाजलाय, बाबा. फार वर्षांचं आहे ते. पुसटसं दिसेल, रंगांतला बारीक फरक नाही कळणार आता. रंगाचं काही काम नाही ना तुम्हाला?"

"नाई," देवीलाल म्हणाला. "मले कायचं काम."

फाट्यावर उतरला तो थेट ठोकळ्यावर जाऊन बसला. बाबुलालनं विचारलं, "काय म्हणे डागदर?"

"मोतिबिंदू म्हणे. पुढच्या साली पाहू म्हणे."

"बरं मंग. आहे ना दिसत?"

"आहे ना."

खोटं त्याला जमायचं नाही, पण हे जमलं. सांगितलं तर काय उरेल ते त्याला नीट ठाऊक होतं. ठोकळ्यावर दुसरं कोणी बसेल, आणि आपण बाजेवर, छताकडे तोंड करून. त्यानं मनाशी हिशोब बसवला. डोळ्याला पुसट दिसतं तर श्वास मोजायचे. पंख्याच्या आवाजावरून अंदाज घ्यायचा. कधी नेमकं बसायचं. कधी नाही. तांबडं त्याला मळकं दिसायचं, म्हणून बोर आलेलं कळायला त्याला उशीर व्हायचा, आणि त्याचं 'आता' पळस लागल्यावर निघायचं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळायला नको होतं.

पुढच्या पेरणीच्या वेळी, एका दुपारी गंगी शेतातून अवेळी आली. बैल दारात उभे करून ती कुडापाशी थांबली.

"पास तुटली म्हणा," ती कोंबडीला म्हणाली. "दगडही नोता म्हणा. नुसत्या मुळीवर तुटली."

तिनं दोन तुकडे उंबऱ्यावर ठेवले आणि पदर ओढून आत गेली.

देवीलाल खाली बसला. तुकडा डोळ्याजवळ नेला, काही नीट दिसेना. मग त्यानं डोळे मिटले आणि तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. हे त्यानं हजार वेळा केलं होतं, घणानं फोडलेल्या गोळीवरून. अंगठ्याला रवा लागला नाही. साखर लागली. मोठी, खरबरीत, जाड साखर. दाणा सुजलेला. जास्त तापवून बुडवलेलं पोलाद असंच तुटतं, आणि त्यात लोखंडाचा दोष नसतो, लोहाराचाही नसतो.

दोन आठवड्यांपूर्वी, बुधवारी या पासेला पाणी दिलं होतं. त्याला दिवससुद्धा आठवला. त्या दिवशी त्यानं 'आता' म्हटलं होतं आणि बाबुलालनं क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी तो भात्यावर पोचला तेव्हा तिथं सात-आठ जण उभे होते. ऐरणीवर तुटक्या पासा, इळे, एक कुऱ्हाड. पेरणीचे दिवस, वाफसा निघून चाललेला, आणि हातात तुकडे.

"बाबुलाल, तुह्या पाण्यात काय घातलं बावा तू?" पंजाबराव म्हणत होता. "तुह्या बापानं देल्ली पास माह्या बापानं वीस साल वापरली. हे तर पापडाच्या वर गेलं."

"पाटाच हलका येऊन राह्यला," बाबुलाल म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "पयल्यासारखा माल नाई राह्यला. मी काय करू? कंपन्याच भेसळ करतेत."

लोकांना ते पटण्यासारखं होतं. बियाण्यात भेसळ, औषधात भेसळ, मग पाट्यात का नसावी. दोघा-तिघांनी माना हलवल्या. एकानं तर कंपनीला आईवरून शिवी दिली. देवीलालकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. ठोकळा रिकामा होता. जाऊन बसायचं तेवढं बाकी होतं.

तो बसला नाही.

"माल खरा हाय," देवीलाल म्हणाला.

सगळे वळले.

"लोखंडात खोट नाई. दाणा पाहा. जास्त तापलं ते." त्यानं गंगीची पास पुढे धरली. "माह्या डोयात खोट हाय. मले बोर दिसत नाई. सालभर झालं. डागदरनं सांगतलं होतं. मी बोललो नाई."

पंख्याचा दांडा आपोआप एक वेढा फिरून थांबला. "सोयाशे," पंजाबराव एवढंच म्हणाला. मग आपले तुकडे ऐरणीवरून गोळा केले. एकेकानं केले. महागावच्या दुकानात तयार पास मिळते, कोणीतरी म्हणालं. नांदेडकडून येते. जीप भरली तर सांजेपर्यंत वापस.

भात्यावर दोघंच राहिले. बाबुलाल विस्तवावर राख ओढत होता.

"एकट्याले सांगतलं असतं," तो म्हणाला. "एवढ्या लोकात कायले बोलला?"

"तुह्या नावाले लागत होतं."

"माह्या नावाले काय लागते आता." बाबुलालनं राखेवर फावडं आपटलं. मग खाली बसला, ऐरणीला टेकून. "देवीलाल, तुले का वाटलं, मी तुले बस कायले म्हणलो? दया आली म्हणून?"

देवीलालला तसंच वाटत आलं होतं.

"मले बोर दिसत नाई न पयसही दिसत नाई. तू आला त्याच्या अगुदरपासून. सारं एकच दिसते, भगभग. त्या दिवशी पंजाबरावची पास मी काहून जळू देल्ली? लोहार हाय ना मी? पांढरी होईपर्यंत मले समजलं नाई. तू 'अजून' म्हणला, मी फिरवला." त्यानं कपाळावरची काजळी पुसली. "मी तुह्याच डोयावर चालवत होतो रे. बुधवारी तुले उशीर झाला असं वाटलं मले. वाटलं, माहंच मन खोटं असन. सोयाशे कसा चुकन."

एकमेकांच्या धाकानं दोघंही आंधळेपण पोटात घालून बसले होते, आणि त्या दोघांच्या मधे तो विस्तव एकटाच काय ते पाहत होता. देवीलाल ठोकळ्यावर बसला. शेवटचा. दोघांनी बाबुलालच्या डब्यातली भाकर वाटून खाल्ली.

पोळ्याच्या आधी बाबुलाल उमरखेडला लेकीकडे गेला. ऐरण पाच जणांनी उचलून टेम्पोत घातली, जावयाच्या दारापुढे ठेवतो म्हणाला, बसायला. पत्रे कोणीतरी नेले. ठोकळा तेवढा राहिला. त्यावर आता फोनच्या टपरीचा मालक पाय ठेवून बसतो.

देवीलालनं फाट्यावर जाणं सोडलं. राजदीपचा फोन आता टपरीवाल्याच्या निरोपात यायचा, दिवाळीला बघतो म्हणे. शेण फेकणंही त्यानं सोडलं. नेम हाताला कळतो हे खरं, पण आता त्याला उकिरडाच कुठं आहे ते नीट दिसायचं नाही. बेलचा कुडाला टेकून उभा असायचा. गंगी टोपल्यानं शेण न्यायची. नांदेडच्या तयार पासेनं तिनं उरलेलं वखरलं, कापूस लावला, तो बऱ्यापैकी उगवला, बाकीचं पुढचं पुढं. भाकर वेळेवर येत होती. पण "खाल्ली नाई म्हणा" असं कोंबडीला आता वरचेवर ऐकावं लागायचं.

बाजेवर पडून तो हीटसुद्धा लावत नव्हता. दोन महिने कुडाच्या अलीकडे काहीच आवाज नव्हता. पलीकडे सूप वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं.

मग दिवाळीनंतरच्या एका दुपारी, राजदीप आला नाही त्या दिवाळीनंतरच्या, देवीलालनं डोळे मिटले आणि हलक्या आवाजात सुरुवात केली. खूप दिवसांचं तुटलेलं, म्हणून अडखळत.

"पयले चुना. त्याच्यावर खनिज. भंगार. मग... मग पातळ लोखंड. आग इकडून तिकडे. पलटवा." त्यानं कूस बदलली. कुडापलीकडचं सूप थांबलं होतं. "उकळी आली. मळी वर आली. आता चमचा. चमचा घातला खाली, भरला, काढला..."

"चमचा मळीत बुडवाचा राह्यला म्हणा," गंगीचा आवाज आला.

देवीलालनं डोळे उघडले.

कुडाच्या कांबीतून उन्हाच्या बारीक रेघा त्याच्या बाजेवर पडल्या होत्या. एवढ्या वर्षांत या कुडाला किती फटी आहेत हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"अगुदर मळी लेपून घ्याची म्हणा, चारी बाजूनं," पलीकडून गंगी कोंबडीला सांगत होती. "नाई तर पोलाद चिकटन म्हणा."

कोंबडी बाजेखाली होती, देवीलालच्या चपलेशेजारी, तुरीचा दाणा टिपत. त्यानं वाकून तिच्याकडे पाहिलं. एक तांबूस, मळका ठिपका तेवढा दिसला.

"राह्यलंच ते," देवीलाल तिला म्हणाला. "चमचा वापस घेतो."

आणि त्यानं हीट चमच्यापासून पुन्हा धरली.